आधी डोळं उठत्यात

तवनाप्पा मगदूम यांची आणि माझी ओळख झाली ती ते माझ्या मागावर असताना. ऑफिस सुटल्यावर मी विश्रामबागेतनं खोलीकडं चाललो होतो. मी थांबलो की हा माणूस थांबे, मी निघालो की निघे. सरकारी कारकुनाच्या मागं माणूस लागतो तो रखडलेल्या अर्जापायी, म्हणून मी आधी पाय उचलले आणि मग धीर करून वळलो. पन्नाशीचा गृहस्थ. पांढरी टोपी, धोतर, हाताला काळं ग्रीस.

"डावा खांदा पाडून चालताय," ते म्हणाले. "कदी पडला होता काय?"

मी लहानपणी पाटणला आंब्यावरून पडलो होतो. शेजाऱ्याच्या आंब्यावरून, त्यामुळं ही गोष्ट मी घरातसुद्धा सांगितली नव्हती.

"पुन्यांदा चाला," ते म्हणाले. आणि मी, का कोण जाणे, भर रस्त्यात त्यांना चालून दाखवलं.

आप्पांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या पाण्याच्या मोटरी जळून त्यांच्याकडं यायच्या आणि गुणगुणत परत जायच्या. पण जीव सगळा हलत्या बाहुल्यांत. आमच्याकडं गणपतीत हलते देखावे करतात, त्यातल्या बाहुल्या. बांबूचा सांगाडा, कागदाच्या लगद्याचं तोंड, आणि पोटात टेबलफॅनची मोटर, सायकलची चेन, लाकडी चाकं. इतरांचे राक्षस नुसतेच तलवार वरखाली करायचे. आप्पा म्हणायचे, "ते कापूस पिंजायचं यंत्र झालं. मानसाला वजन असतंय."

वजन हा त्यांचा ध्यास. कुणी चहाचा कप उचलला, की हे बशीकडं न बघता त्याच्या कोपराकडं बघत. लग्नाच्या पंगतीत वाढप्या वाकला की विचारत, "वजन कुटं हाय आता? टाचंवर का चवड्यावर?" वाढप्या गोंधळून त्यांच्या पानात तीनदा भात वाढी. औंधाला यमाईच्या डोंगरावर एकदा आम्ही बरोबर गेलो. लोक हात जोडून वर देवळाकडं बघत पायऱ्या चढत होते आणि आप्पा एका पायरीवर बसून लोकांचे गुडघे बघत होते. देवीचं दर्शन मी एकट्यानंच घेतलं. त्यांच्या वाटणीचं मागणं मागायचं राहिलं, कारण ते काय मागतील हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. घरी बायको आजारी आहे, एवढंच माहीत होतं.

त्या वर्षी आमच्या मंडळाचा चिटणीस मी होतो. पद मला कुणी दिलं नव्हतं. सभेत सगळे उठून गेले आणि मी शेवटी राहिलो. चिटणीस झाल्यावर अंगात आलं आणि यंदा हलता देखावा, असं जाहीर करून बसलो. अध्यक्ष होते साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार. त्यांना युद्ध हवं होतं, तोफांसकट. आप्पा म्हणाले, "जवान सुट्टीवर घरी येतोय आन चुलीम्होरं बसलेली त्याची आई उठती, येवढंच करू."

सुभेदारांनी विचारलं, नुसती उठते?

"उठती. बगनाऱ्याला ती खरी उठली असं वाटलं पायजे. मला दुसरं कायबी नको."

जवान आहे म्हणून सुभेदार कबूल झाले.

जवान दोन दिवसांत तयार झाला. बाई महिनाभर उठेना. नमुन्याला मी. मंडळाच्या शेडात मला जमिनीवर बसवून आप्पा उठायला लावत, आणि मी उठलो की पुन्हा बसवत. एके दिवशी नेसायला नऊवारी लुगडं दिलं. माझा साहेब नेमका त्याच वेळी वर्गणी द्यायला आला आणि न देताच गेला.

"चुकलं," आप्पा म्हणत. "तुमी समदंच एकदम उठताय. आधी डोळं उठत्यात. दारात कोन आलं ते बगायचं. मंग मान. मंग हात टेकायचा. आन वर जायच्या आदी मानूस वाईच खाली जातंय, ते इसरू नगा. उठून झाल्यावर पदर उशिरा थांबतोय. दोनी हात सारकंच हलवलं की झाली बाहुली."

यातली एकेक गोष्ट करणारं एकेक लाकडी चाक, अंड्यासारखं लांबट, त्यांनी कानशीनं घासून घडवलं होतं. बाई आता उठायची, पण सावकाश. मध्येच थांबायची. दम घ्यायची. पुरी उभी राहीपर्यंत सुभेदारांची विडी संपायची. "माँ है या बुलडोझर?" ते मला म्हणाले. "एकदम झटक्यात उठली पाहिजे. तुम्ही चिटणीस ना?"

मी चिटणीस होतो. आप्पा दुपारी घरी जेवायला गेल्यावर मी बाईच्या चाकांच्या दांड्यावरची मोठी पुली काढून लहान बसवली, म्हणजे ती झटक्यात उठेल. शाळेत विज्ञानात मला पस्तीस मार्क होते, तेवढ्यात हे बसत होतं. सुभेदार आणि आळीतली पन्नास-साठ माणसं समोर बसवली आणि बटण दाबलं.

बाई ताडकन उठली. बसली. उठली. पाया पडायला वाकलेल्या जवानाच्या डोक्यात तिचा हात दर खेपेला असा बसायला लागला, की तिसऱ्या तडाख्याला त्याची टोपी सुभेदारांच्या मांडीवर आली. लोक हसून लोळले. मीही हसलो, हे कबूल केलं पाहिजे. हसता हसता मागं पाहिलं तर आप्पा उभे होते.

त्यांनी पुढं होऊन बटण बंद केलं, बाईचा पदर सारखा केला आणि विचारलं, "हिला हसली मानसं?" ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माफी मागायला गेलो. दुकानामागंच घर. दार उघडं होतं. आक्काताई, त्यांच्या पत्नी, भिंतीला टेकून पाटावर बसल्या होत्या. लुगड्याच्या घोळात डावा पाय निर्जीव पडलेला. समोर आप्पा उकिडवे.

"डोळं वर," ते सांगत होते. "आता मान. हात टेक. वाईच खाली जा, मंग वर. घाई न्हाई."

आक्काताई अर्ध्यावर आल्या, थरथरल्या आणि बसल्या. आप्पांनी जमिनीवर खडूनं त्यांच्या पावलाभोवती रेघ मारली. मग मला पाहिलं. मी पाठ केलेलं माफीचं भाषण विसरलो.

"डाक्टर म्हनला, उठंल," ते बाहेर आल्यावर म्हणाले. "कसं उठायचं ते काय त्यानं सांगितलं न्हाई. मला आपली मोटर उगडून बगायची सवय. कुटं अडतंय ते दिसतंय. हिला कशी उगडू? म्हनून दुसरी केली, उगडता येनारी."

लहान पुली मी माझ्या हातानं काढली. मोठी परत बसवायला मात्र त्यांनी मला दिली नाही.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मांडवासमोर टांगा येऊन थांबला. आत आक्काताई. आप्पांनी देखावा सुरू केला. बाईनं डोळे वर केले, मान वळवली, हात जमिनीला टेकला, थोडी खाली गेली आणि उठली. पुढं बसलेली आळीतली पोरं तिला वाट देत मागं सरली. आक्काताईंनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघून कपाळाला आठी घातली.

"आवं," त्या म्हणाल्या. शब्द जड येत होता. "जमिनीवर कशाला टेकती ती? भुई लांब हाय. गुडघ्यावर टेकू दे की."

आणि त्यांनी आपला उजवा हात आपल्या गुडघ्यावर ठेवला. आप्पांनी त्यांच्या कोपराकडं बघितलं. मग त्यांनी बटण बंद केलं, पडदा ओढला आणि पकड घेऊन आत शिरले.

बाहेर रांग वाढायला लागली. सुभेदार घड्याळ दाखवत माझ्याकडं आले. ऐन गर्दीच्या वेळी पडदा? किती वेळ लागणार आहे अजून?

मी टांग्याकडं बघितलं. आक्काताईंनी गुडघ्यावर जोर दिला होता आणि त्या बैठकीपासून वीतभर वर आल्या होत्या.

"लागेल तेवढा," मी म्हणालो.

सुभेदारांनी माझी नजर गेली तिकडं पाहिलं आणि घड्याळाचा हात खाली घेतला. टांगेवाला उतरून घोड्याच्या तोंडाशी गेला आणि टांगा हलू नये म्हणून दोन्ही हातांनी लगाम धरून उभा राहिला.