एका पाकिटाची तफावत

भिंगबाईंनी तिसऱ्यांदा चहा नाकारला, तेव्हा संस्थेच्या सचिवांनी तो कप स्वतःकडे ओढला आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

"निदान बिस्किट तरी?"

"नको. ज्याची तपासणी करायची त्याचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा माझा नियम आहे. पाणी मी घरून आणते."

भिंगबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. धर्मादाय संस्थांना पैसे देणाऱ्या एका निधीच्या कार्यालयात त्या तपासनीस होत्या. पर्समध्ये कायम एक भिंग असायचं आणि कुठलीही सही त्या भिंगाखालून गेल्याशिवाय खरी ठरायची नाही. पण मागच्या वर्षी त्या भिंगानंच दगा दिला. बाईंनी ज्या संस्थेला 'उत्तम' असा शेरा दिला, तिचं वीस खाटांचं रुग्णालय म्हणजे एक कुलूपबंद गॅरेज निघालं! कागद मात्र एकदम चोख. कार्यालयात महिनाभर लोक बाईंना बघून खोकल्याच्या मिषानं हसत होते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाई आता ताक फुंकून झालं की त्याची पावतीही मागायच्या.

या वेळची संस्था मुलांसाठी मोफत दवाखाना चालवत होती. वीस खाटा, त्यातल्या आठ दमेकरी मुलांच्या. बाईंचा अहवाल बरा गेला तर तीन वर्षांची मदत मिळणार होती. नाही तर पुढच्या महिन्यापासून त्या आठ खाटा बंद. सचिव म्हणजे निवृत्त शाळामास्तर, त्यांना हे लपवताही येत नव्हतं. दर पाच मिनिटांनी ते विचारत, "कसं काय वाटतंय?" आणि बाई दर वेळी म्हणत, "अजून काही वाटत नाही."

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी बाईंना बरंच काही चांगलं वाटलं होतं. विश्वस्तांच्या सभांची इतिवृत्तं त्यांनी अक्षर न् अक्षर वाचली. एका सभेत दोन विश्वस्त पंखा कोणत्या खोलीत लावायचा यावरून चाळीस मिनिटं भांडल्याची नोंद होती. अध्यक्षांनी स्वतःच्या मेहुण्याचं दुकान पुढे केलं, तर बाकीच्यांनी त्यांना सभेबाहेर बसवून ठराव केला आणि पंखा दुसऱ्या दुकानातून आणला. बाई मनात म्हणाल्या, वा! खोट्या सभेत इतकं मन लावून कुणी भांडत नाही.

घोडं अडलं ते 'घरभेटी' या खर्चापाशी. अंगातलं पाणी कमी होऊन दवाखान्यात आलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी तिसऱ्या दिवशी, आणि गरज वाटली तर सातव्या दिवशीही, सिस्टर जाऊन बघून येतात, असा संस्थेचा दावा होता. वर्षाला अकराशे भेटी. प्रत्येक कागदावर पालकाची सही आणि बसचं चिकटवलेलं तिकीट.

"तिकीट काय, रस्त्यावर पडलेलं उचलता येतं," बाई म्हणाल्या. "आणि सही मीपण करीन."

"मग चला की कुठल्याही घरी! मी येतो बरोबर," सचिव म्हणाले.

"तुम्ही बरोबर आलात की मला तुम्ही दाखवाल तेच दिसणार."

बाई एकट्याच जाऊन तीन घरं बघून आल्या. तिन्हींना कुलूप. आईबाप कामावर गेलेले असणार, हे बाईंना समजत होतं. पण गॅरेजलाही कुलूपच होतं ना! त्यांनी त्या खर्चासमोर लाल पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.

दुसऱ्या दिवशी औषधांची खोली. खोली ती केवढी? खिडकी नाही, पंखा नाही. (तो दुसऱ्या खोलीत लागला होता.) बाई डबा आणि पाण्याची बाटली दोन्ही घरी विसरल्या होत्या. आता नियम म्हणजे नियम. उपाशीपोटी, तहानलेल्या बाईंनी एक-एक वस्तू मोजली. जलसंजीवनीची पाकिटं चारशे बारा. वहीतही चारशे बारा. आणि मग एकाएकी फडताळ तिरकं झालं.

शुद्ध गेली नाही, पण शुद्धीनं रजा टाकली म्हणा. मोठ्या सिस्टरांनी त्यांना लहान मुलांच्या बाकावर बसवलं, गुडघे हनुवटीला लागले, आणि कुणीतरी तोंडाला ग्लास लावला. बाईंनी तो घटाघटा संपवला. दहा मिनिटांनी उठल्या आणि म्हणाल्या, "कुठवर आलो होतो आपण?"

बाईंची पद्धत अशी, की सगळं दोनदा मोजायचं. चार वाजता पाकिटं पुन्हा मोजली. चारशे अकरा. तिसऱ्यांदा मोजली. चारशे अकराच.

"दार लावा," बाई म्हणाल्या.

हिशेबनीस म्हणजे काडीसारखा माणूस, पण अपमानानं तो फुगला. "अकरा वर्षांत इथली सुई इकडची तिकडे झाली नाही, बाई!"

"सुईचं नंतर बघू. माझ्या डोळ्यांदेखत पाकीट गेलंय. भरदिवसा!" बाईंनी कचऱ्याचा डबा उपडा केला आणि त्यातून फाडलेलं पाकीट विजयानं वर धरलं. "हा पुरावा! कुणी प्यायलं हे?"

सचिव छताकडे बघू लागले. शेवटी मोठ्या सिस्टर पदराशी चाळा करत म्हणाल्या, "बाई, आता कसं सांगू... तुम्हीच."

बाईंचा चेहरा असा पडला, की हिशेबनिसाचाही राग उतरला. पण बाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. पर्स उघडली. "किंमत सांगा. पैसे भरते."

"पैसे घ्यायची सोय नाही," हिशेबनीस म्हणाला. "इथं सगळं मोफत. तसलं पावतीपुस्तकच छापलेलं नाही."

"देणगीची पावती फाडा."

"फाडतो की. पण मग तुम्ही देणगीदार झालात. देणगीदारानं तपासणी करायची नाही, हा तुमच्याच निधीचा नियम आहे. कलम सात."

"मग बाहेरून एक पाकीट आणून ठेवते."

"ती वस्तुरूपात देणगी. कलम सात, पोटकलम दोन."

बाईंनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. नियम वाचलेला माणूस त्यांना कितीतरी वर्षांत भेटला नव्हता.

"सोडून द्या हो एका पाकिटाचं," सचिव काकुळतीनं म्हणाले.

"सोडायचं?" बाई आणि हिशेबनीस एकदम ओरडले.

मग उपाय एकच उरला. पाकीट फक्त पेशंटला देता येतं, म्हणजे बाई पेशंट झाल्या पाहिजेत. हिशेबनिसानं संगणकात वय टाकलं, एकावन्न. संगणक म्हणाला, चूक. दवाखाना मुलांचा, चौदाच्या वर तो घेईना. शेवटी चौदा टाकून केसपेपर छापला. बाईंनी छापलेला आकडा खोडला, वर ५१ लिहून बाजूला सही केली, आणि घरचा पत्ता दिला. घरातली मोठी बाई या रकान्यात सासूबाई लिहिल्या. वजन अडुसष्ट किलो. पाकीट एक. तफावत शून्य. बाई घरी गेल्या त्या डोकं गच्च धरूनच.

चक्कर आल्याच्या तिसऱ्या दिवशी सुट्टी होती. बाई जेवणाच्या टेबलाशी अहवाल लिहीत होत्या. सगळं उत्तम, फक्त त्या लाल प्रश्नचिन्हापाशी पेन अडत होतं. त्या आठ खाटा त्यांनी पाहिल्या होत्या. एका खाटेवरच्या पोरीनं त्यांचं भिंग मागून घेऊन स्वतःचा अंगठा बघितला होता. बाईंना फार वाईट वाटत होतं. पण वाईट वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. त्यांनी लिहायला घेतलं, 'घरभेटींचा पुरावा समाधानकारक ना...'

दाराची घंटा वाजली. सासूबाईंनी दार उघडलं. दारात एक लठ्ठ बाई, खांद्याला पिशवी, चार जिने चढून धापा टाकत.

"पेशंट कुठाय?"

"कसला पेशंट? इथं कुणी आजारी नाही."

"असं कसं? चौदा वर्षांची मुलगी. परवा चक्कर आली, पाणी कमी झालं होतं. मी घरभेटीची सिस्टर."

"मुलगी नाही गं बाई इथं, सून आहे माझी."

भिंगबाई पेन हातात धरून बाहेर आल्या. सिस्टरनं संगणकातून छापलेली यादी पाहिली, बाईंना पाहिलं, पुन्हा यादी पाहिली.

"यादीत आलं की आम्हाला भेट द्यावीच लागते," ती म्हणाली. "जीभ दाखवा."

बाईंनी जीभ दाखवली.

"खाते का वेळेवर?" हा प्रश्न सासूबाईंना होता.

"कुठली खाते! डबा विसरते, मग दिवसभर उपाशी. माझं ऐकेल तर शप्पथ!"

"डबा घेतल्याशिवाय घराबाहेर सोडायचं नाही. इथं सही करा, पालक म्हणून."

सासूबाईंनी सव्वीस वर्षांत कुठल्या कागदावर इतक्या आनंदानं सही केली नव्हती.

बाईंच्या मनात मात्र गॅरेज जागं झालं. "खरं सांगा, तुम्हाला मुद्दाम पाठवलंय ना इथं? मी तपासनीस म्हणून?"

"मुद्दाम?" सिस्टर भडकली. "चार जिने मुद्दाम कोण चढतंय? अजून पाच घरं राहिलीत माझी!"

"दमलात, चहा तरी घ्या," सासूबाई म्हणाल्या.

"नको आजी. पेशंटच्या घरी काही घ्यायचं नाही, नियम आहे. पाणी मी घरून आणते."

भिंगबाई क्षणभर तिच्याकडे बघतच राहिल्या. मग पर्स उचलली, घरातल्याच चपला तशाच पायात, आणि म्हणाल्या, "पाच घरं ना? चला, मी येते."

पाचही घरी, सुट्टी असल्यामुळे, माणसं होती. तिसऱ्या घरातलं पोरगं सिस्टरची पिशवी बघूनच पलंगाखाली शिरलं. त्याच्या आईनं सांगितलं, "मागच्या खेपेपासून घाबरतंय हो हिला." बाईंनी ते वाक्य तारखेसकट लिहून घेतलं. शेवटच्या घरी बाईंच्या पायाला फोड आले होते आणि लाल प्रश्नचिन्ह मनातून कधीच खोडलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी निधीच्या कार्यालयात बाईंचे साहेब अहवाल चाळत होते. मदत मंजूर करावी, अशी स्पष्ट शिफारस. घरभेटी स्वतः पाहिल्या, पुरावे सोबत जोडले आहेत.

"हे काय?" साहेब थबकले. शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या. "मुलगी, वय चौदा खोडून एकावन्न, वजन अडुसष्ट किलो? आणि पत्ता... बाई, हा तर तुमचा पत्ता!"

कुणीतरी खोकलं. हा कागद बाईंना सहज वगळता आला असता. पाच घरांचे पुरावे पुरेसे होते. पण भेटी झाल्या होत्या सहा.

"हो, साहेब. नोंद बरोबर आहे."

साहेबांनी एकदा कागदाकडे आणि एकदा बाईंच्या टेबलावरच्या चार पुडांच्या भल्यामोठ्या डब्याकडे पाहिलं. मग मुकाट्यानं मंजुरीचा शिक्का उचलला.

"कशी आहे आता मुलगी?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे," भिंगबाई डबा उघडत म्हणाल्या. "सातव्या दिवशी परत बघायला येणार आहेत."