तिसरी लिफ्ट कंपनी सोडते

आमच्या ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावरचा लाल ठिपका बरोबर चार मिलिमीटरचा आहे. मी मोजला. तो मिनिटाला चाळीस वेळा लुकलुकतो. म्हणजे लक्ष वेधतो, पण डोकं उठवत नाही. हा आकडा मी तीन दिवस प्रयोग करून ठरवला. पुढे जे घडलं त्यात ठिपक्याचा काडीचाही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवते.

दोष माझाही नाही!

आमची कंपनी लिफ्टवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर करते. आमची म्हणजे माझ्या मोठ्या भावाची, दादाची. लिफ्टकडून येणारा प्रत्येक निरोप नोंदवायचा, तो किती गंभीर आहे ते ठरवायचं आणि योग्य माणसापर्यंत पोचवायचा, ही व्यवस्था आखायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी छातीठोकपणे म्हटलं, या कामाला माझ्याहून लायक बाई सापडणार नाही. दूध उतू गेलं काय आणि छत गळलं काय, आमची आई एकाच पट्टीत ओरडते. त्या घरात वाढलेल्या मुलीला पातळ्यांचं महत्त्व वेगळं शिकवावं लागत नाही.

मी पाच पातळ्या केल्या. तपशील, माहिती, इशारा, चूक आणि संकट. प्रत्येक निरोपाला एक पातळी, प्रत्येक माणसाला एक उंबरठा. उंबरठ्याखालचं त्याला दिसणार नाही. दुरुस्तीवाल्याला इशाऱ्यापासून वरचं, दादाला फक्त संकट. आणि संकट आलं की पडद्यावर तो लाल ठिपका आणि भिंतीवरचा भोंगा! तपशील मात्र कुणालाच दिसत नाही. तो गपचूप साठत राहतो.

दादा खूश झाला. इतका, की म्हणाला, "ऑफिसचे निरोपही यातूनच जाऊ देत!"

दुसऱ्या आठवड्यात भोंगा वाजला. मी हातातलं टाकून धावले. वहिनी, म्हणजे दादाची बायको, दारापाशी बसून फोन सांभाळते. ती शांतपणे नखं कापत होती.

"वहिनी, कुठली लिफ्ट अडकली?"

"लिफ्ट कसली! चहा पावडर संपलीय."

"हे संकट नाही. फार तर इशारा."

"इशारा टाकला होता मंगळवारी. हललं का कुणी?"

"म्हणून भोंगा वाजवायचा?"

"आली ना आता पावडर!"

प्रयोग म्हणून पाहिलं तर यात खोट काढायला जागा नव्हती. बाकीच्यांनीही तोच निष्कर्ष काढला. दुरुस्तीवाल्याच्या खुर्चीचं चाक निखळलं : संकट. दादाचा चष्मा सापडेना : संकट. चष्मा डोक्यावरच सापडला : तेही संकट! एका दिवसात भोंगा एकतीस वेळा वाजला. मी आलेख काढून दादापुढे ठेवला. त्याने त्यावर चहाचा कप ठेवला.

"सोपं आहे गं. संकटाच्या वर महासंकट कर."

"आठवड्यात सगळे तिथे चढतील."

"मग त्याच्याही वर एक."

"नाही करणार."

"अगं, एक ओळ तर लिहायचीय!"

"अर्धी पण नाही!"

मी हटले नाही, दादाही हटला नाही. शेवटी वहिनीने दादाचा लोकरी मोजा भोंग्यात कोंबला. तेव्हापासून भोंगा सर्दी झालेल्या म्हशीसारखा रेकू लागला आणि कुणी मान वर करेनासं झालं.

आता एक गोष्ट कबूल करते. तपशील ही पातळी तपासायला कुणीही न वाचणारा असा एक निरोप हवा होता. मी एका चार लिफ्टच्या इमारतीतल्या तिसऱ्या लिफ्टच्या नावाने तो कामाच्या दर दिवशी सकाळी दहाला आपोआप पडेल असा लावून ठेवला. 'दादाला आज सांगायचं : मी कंपनी सोडते आहे.' मोजमापाची उपकरणं करणाऱ्या एका प्रयोगशाळेने मला बोलावलं होतं. जागा अजून राखून ठेवली होती. पण सांगायला गेलं की दादा खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "तू आहेस म्हणून हे सगळं आहे गं." मी परत फिरायचे. रोज नोंद होत होती, आणि नोंद झाली की काम झाल्यासारखं वाटतं. असे आठ महिने गेले.

मग त्याच चार लिफ्टच्या इमारतीचा मालक पाहणीला आला. सगळे पडद्यासमोर जमलो.

"काही लपवू नका," तो म्हणाला. "मला सगळं दाखवा."

"सगळं म्हणजे सगळं!" दादा म्हणाला आणि त्याने उंबरठा थेट तळाला नेला.

पडदा भरला. मालक वाचू लागला. वाचता वाचता त्याचा आवाज चढला.

"माझी तिसरी लिफ्ट सोडून चाललीय? एकशे त्रेसष्ट वेळा सांगितलंय तिने! आणि मला आत्ता कळतंय?"

"तांत्रिक भाषा आहे हो ती," दादा घाईने म्हणाला.

"लिफ्टला दादा कुठून आला?" दारातून वहिनी.

दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. मग तो मालकाकडे वळून जरा जास्तच मोठ्याने म्हणाला, "चाचणीचा निरोप आहे. पातळी बघा ना, तपशील! यावर कुणी काही करायचं नसतं. हिचाच नियम आहे. हो ना गं?"

नियम माझाच होता. मी पुढे झाले आणि सगळ्यांच्या देखत त्या ओळीची पातळी उचलून संकट केली.

लाल ठिपका लुकलुकला. अचूक. मोज्याआडून भोंगा रेकला.

कुणी मान वर केली नाही.

"अगं, बघ," दादा वहिनीला म्हणाला, पण पाहत होता जमिनीकडे, "चहा पावडर संपली वाटतं."

पाच पातळ्या, चार मिलिमीटर, मिनिटाला चाळीस! माझी व्यवस्था बरोबरच होती, आजही म्हणेन. पण मी पडद्याकडे पाठ केली, दादाच्या समोर उभी राहिले आणि कुठलीच पातळी न लावता तोंडाने म्हणाले,

"लिफ्ट नाही, दादा. मी. एक तारखेपासून मी कंपनी सोडते आहे."