उभ्याने ऐकणाऱ्या आठ हजार आया

अमेरिकेत केंटकी राज्याच्या डोंगराळ भागातल्या एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, तान्ह्या मुलांच्या आयांना कोणती गाणी आवडतात, हे ठरवण्याचं काम शेल्बी कोम्ब्स हिच्याकडे होतं. तिने ते मागून घेतलं नव्हतं. श्रोत्यांचं सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेने तिची निवड केली, कमरेला लावायला काड्यापेटीएवढं एक यंत्र दिलं आणि ते दुसऱ्या कुणाला न देण्याचं आणि रेडिओवाल्यांना याचा पत्ता लागू न देण्याचं वचन घेतलं. जवळपास कोणतं रेडिओ केंद्र वाजतंय, ते यंत्राला आपोआप कळे. त्या वयाची दुसरी कुणी आई यंत्र बाळगायला तयार झाली नाही, म्हणून शेल्बीचा कान हाच आठ हजार आयांचा कान धरण्यात आला. शेल्बीने कॉलेजात संख्याशास्त्र घेतलं होतं, त्यामुळे हे ऐकून तिला जरा गरगरलं. पण तेवढ्यात मेबल रडायला लागली आणि विचार तिथेच राहिला.

मेबल ही तिची पाच महिन्यांची लेक. ती एकाच उपायाने झोपायची. दुपारी एक वाजता गावच्या कंट्री संगीत केंद्रावर ओपल टॅकेट या बाईचं बॅन्जोवरचं एक संथ गाणं लागे. दुसऱ्या ओळीला मेबलचे डोळे मिटत, तिसऱ्या ओळीला शेल्बीचे. मग दोघी सोफ्यावर मेल्यासारख्या पडत. शेल्बीची दिवसभरातली झोप काय ती एवढीच, कारण रात्री ती मेबलचा श्वास चालू आहे ना, हे बघत बसायची.

एका सोमवारी गाणं लागलंच नाही. त्याजागी एका पुरुषाने आपल्या पिकअप ट्रकचं गुणगान केलं. त्याच्यामागून दुसऱ्याने स्वतःच्या ट्रकचं. मेबलने घर डोक्यावर घेतलं. ओपल आता लागेल, मग लागेल, या आशेवर शेल्बीने रेडिओ चालूच ठेवला आणि पोरीला खांद्यावर टाकून स्वयंपाकघर ते पोर्च अशा फेऱ्या मारत राहिली. आठवडा असाच गेला. शेवटी तिने केंद्राला फोन लावला.

"ओपलचं गाणं का हो बंद केलंत?"

"आम्ही नाही ताई, श्रोत्यांनी केलं," व्यवस्थापक प्रुइट म्हणाले. "तान्ह्या पोरांच्या आयांना ते सहनच होत नाही. सुरू झालं रे झालं, की पसार!"

"मीही तान्ह्या मुलीची आई आहे. मला आवडतं."

"तुम्ही एकट्या हो. तिकडे आठ हजार आहेत."

शेल्बीने कमरेच्या यंत्राकडे पाहिलं. "आणि ट्रकची गाणी?"

"विचारूच नका! तासन्‌तास ऐकतात. उद्यापासून दुपारभर ट्रकच ठेवलेत."

तिने तडक सर्वेक्षण संस्थेला फोन केला.

"यंत्र तुमचं झकास चाललंय," तिथली मुलगी म्हणाली. "फक्त मागे दुपारी एकनंतर ते हलत नव्हतं. न हलणारं यंत्र म्हणजे श्रोता सोडून गेला."

"अहो, मी झोपले होते! गाणं इतकं गोड, की बाळही झोपलं."

"झोप आमच्याकडे धरत नाहीत."

"आणि ट्रकच्या गाण्यांना मी रडकं पोर घेऊन वैतागून येरझाऱ्या घालत होते!"

"हो, तो उत्साह दिसला आम्हाला," मुलगी कौतुकाने म्हणाली.

सासूबाई वाँडा बिस्किटांचं पीठ मळता मळता ऐकत होत्या. "अगं, कुत्र्याच्या पट्ट्याला बांध की ते."

"आई, वचन दिलंय मी."

"मग माझ्या कमरेला लाव, मी फिरते."

"तुम्ही साठीच्या. तुमच्या वयाचं मत वेगळं मोजतात."

"माझं मत विचारलंय कुणी? मी नुसती चालेन म्हणतेय."

शेल्बीने प्रुइटना पुन्हा गळ घातली. ओपलची आई चर्चमध्ये त्यांच्या पुढच्याच बाकावर बसायची, त्यामुळे ते विरघळले. "एक आठवडा लावून बघतो. आया थांबल्या तर राहील, नाहीतर कायमचं बंद."

सोमवारी एक वाजता ओपल गायली. मेबल दुसऱ्या ओळीला झोपली. शेल्बीचे गुडघे आपोआप सोफ्याकडे वळले, तिने ते परत फिरवले. आपण बसलो की आठ हजार आया उठून जाणार, हे तिला आता पक्कं ठाऊक होतं. ती भिंतीला धरून चालली, गाणं संपल्यावरही चालली. शुक्रवारी तर ती चालता चालता घोरत होती, असं वाँडाबाई शपथेवर सांगतात.

गाणं राहिलं. नुसतं राहिलं नाही, तर आयांचा उदंड प्रतिसाद पाहून प्रुइटनी ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला लावलं. मेबल दिवसभर झोपू लागली आणि अर्थातच रात्रभर जागू लागली. शेल्बी दिवसा गाण्यासाठी चाले, रात्री मेबलसाठी.

तिने फोन केला. "प्रुइटसाहेब, गाणं दुपारी एकदाच लावाल का?"

"कमाल आहे ताई! आधी लावा म्हणता, आता नको म्हणता. तुमच्यासारख्या एखाद्या बाईच्या लहरीवर केंद्र चालतं का? तिकडे आठ हजार आया पोरं निजवून उभ्याने ऐकताहेत!"

शेल्बी फोन कानाला धरून चालतच राहिली, कारण गाणं लागलं होतं.

आणि वाचकहो, तुम्ही ही गोष्ट निवांत बसून, आवडीने इथवर वाचली असेल, तर पहिल्याच परिच्छेदात तुम्ही ती सोडून गेलात, अशी नोंद झालेली आहे.