दहा ओळींचे घड्याळकाका

निसर्ग केंद्राच्या भिंतीवर चार चौकटी लागायच्या होत्या आणि त्यातली एक अजून रिकामी होती. प्रत्येक चौकटीत शिकवणाऱ्याचा फोटो, खाली दहा ओळी: आधी काय करत होतात, आवड कशाची. रविवारी सकाळी अकरा वाजता मुलांसमोर पडदा सरकणार होता. पक्षी दाखवणारे पोस्टमनमामा, बेडकांना जपणाऱ्या सिस्टर आणि खुद्द प्रमुखबाई, तिघांनीही आपापल्या ओळी दिल्या होत्या. 'लहानपणापासून निसर्गाची ओढ' हे शब्द तिन्ही कागदांवर होते.

राहिले घड्याळकाका. चाळीस वर्षं खिडकीएवढ्या दुकानात बसून त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. लोकांच्या खिशात फोन आले, मनगटं मोकळी झाली, दुकान मिटलं. आता तेच भिंग डोळ्याला लावून ते मुलांना किडे दाखवत. सहा महिन्यांच्या बोलीवर त्यांना घेतलं होतं आणि सहावा महिना याच रविवारी भरत होता. कागदावर त्यांनी 'घड्याळं दुरुस्त केली' एवढं लिहिलं, आणि पेन थांबलं ते थांबलंच.

"छंद काय लिहू?" ते प्रमुखबाईंना म्हणाले. "मला छंद नव्हता हो. मला काम होतं."

केंद्राच्या दारावर नियम रंगवलेला होता: विचारू नका, बघा; पकडू नका, लिहा. पोस्टमनमामा आणि सिस्टर या नियमाचे पक्के पाईक. काका लिहीत नाहीत ना, मग आपणच आठवडाभर त्यांचं निरीक्षण करू, दहा ओळी काढू आणि रविवारी त्यांना चकित करू, असं दोघांनी ठरवलं. प्रमुखबाईंनी हसून होकार दिला. अट एकच घातली: ज्याला बघायचं त्याला कळता कामा नये, नाहीतर त्याची वागणूक बदलते.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीतच काकांना कळलं. ज्याचा जन्म भिंगात गेला, त्याला झुडपातून चमकणारी दुर्बीण दिसणार नाही तर काय? आपल्याला कायम करायचं की घालवायचं, याचीच ही तपासणी, असं त्यांनी धरून घेतलं. काळजीला पाय नसतात, पण त्या दिवशी ती काकांच्या आधी घरी पोचली.

"माझ्यावर पाळत आहे," ते बायकोला म्हणाले.

"तुमच्यावर?" बायको भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही. "मी छत्तीस वर्षं ठेवली. काही सापडलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून काकांनी झाडाखालची डुलकी सोडली. जेवायला किती वेळ लागतो हे कुणी मोजू नये म्हणून डबा पंपाच्या खोलीत उभ्याउभ्याच संपवू लागले. सिस्टरांनी नोंदवहीत लिहिलं: 'अन्न लपून खातो. साठा करतो का, पाहावे.' आणि पाहायला त्या टकटक करून आत शिरल्या, तर काकांनी डबा पाठीमागे धरला. 'होय, करतो,' अशी पुढची नोंद पडली. रिकामं दिसू नये म्हणून काका फडकं घेऊन कुंपणाच्या कडेने फेऱ्या मारू लागले. पोस्टमनमामांनी सतरा मोजल्या: 'हद्द आखत असावा.' मग परीक्षा झालीच तर असू दे, म्हणून काका भुंग्यांची नावं पाठ करत हिंडायला लागले. 'सतत गुणगुणतो. साद कोणासाठी, कळले नाही.'

इतकं झाल्यावर काकांनीही एक वही केली. आपल्या बाजूने पुरावा हवा. कोण, कुठून, किती वाजता बघतं, ते मिनिटासकट लिहायचं.

शनिवारी एका खिशात राजीनामा आणि दुसऱ्या खिशात वही घेऊन ते प्रमुखबाईंच्या टेबलासमोर उभे राहिले.

"काढायचं असेल तर सरळ काढा, बाई. पण मीही डोळे मिटून बसलो नव्हतो."

आणि त्यांनी वही पुढे ठेवली. बाई वाचू लागल्या.

'११ वाजून ४. पोस्टमनमामा झुडपात. डाव्या गुडघ्यावर भार देत नाहीत. सायकलने झिजलेला गुडघा. कुठलंही घरटं दिसलं की पत्ता शोधावा तसे आधी आजूबाजूला बघतात.' 'सिस्टर आत येण्याआधी टकटक करतात. बेडकांच्या काचपेटीवरसुद्धा.' 'दुपारी ३ वाजून १०. प्रमुखबाई मला बघत नाहीत. चपला काढून कासवाशेजारी बसतात आणि आईशी बोलावं तसं हळू बोलतात. रोज.'

बाईंनी वही मिटली. मग त्यांनी ड्रॉवरमधून मामा-सिस्टरांची नोंदवही काढून काकांपुढे सरकवली. काकांनी भिंग लावून ती शेवटपर्यंत वाचली.

"हा मी नाही," ते म्हणाले. "हा कुणीतरी घाबरलेला प्राणी आहे."

"आमचंच चुकलं. आम्ही लपलो, पण नीट लपलो नाही." बाईंनी ड्रॉवरमधला एक लिफाफा पुढे केला. "हे तुमचं कायम झाल्याचं पत्र. सोमवारीच टाइप झालंय. उद्या भिंतीबरोबर द्यायचं होतं."

काकांनी लिफाफ्यावरची तारीख दोनदा तपासली. राजीनामा त्यांनी खिशातच घडी घालून आणखी लहान केला. वही मात्र परत मिळाली नाही.

रविवारी पडदा सरकला. 'लहानपणापासून निसर्गाची ओढ' तिन्ही चौकटींतून नाहीशी झाली होती. मुलं गुडघा, टकटक आणि कासव वाचून खिदळत होती. लगेच दोन मुलींनी बेडकांच्या पेटीवर टकटक करून पाहिलं. मामा गुडघा चोळत मुलांना सायकलची हकीकत सांगू लागले.

चौथ्या चौकटीसमोर काका स्वतःच थबकले. आदल्या संध्याकाळी सगळी हकीकत ऐकून बायको हसली होती, आणि मग तिने पेन मागितलं होतं. काय लिहिलं ते तिने दाखवलं नव्हतं. सकाळी तिने आपला लिफाफा थेट बाईंच्या हातात दिला होता.

'बंद पडलेली वस्तू दिसली की आधी कानाशी धरतो. मुंगी आडवी आली की थांबतो, आणि चप्पल अडकली असं दाखवतो. रागावला की घरातली सगळी घड्याळं पुसतो. मी माहेरी गेले की माझ्या उशाचं घड्याळ बंद ठेवतो. आले की मगच चालू करतो. मला हे ठाऊक नाही, असं त्याला वाटतं.'

अशा नऊ ओळी काकांनी भिंगाशिवाय वाचल्या. दहावीला मात्र खिशातून भिंग काढावं लागलं, कारण अक्षरं जरा हलत होती.

'निरीक्षणाचा काळ: छत्तीस वर्षं. नमुन्याला अजून पत्ता लागलेला नाही.'