मास्तरांचा ब्लॉग आणि कागदी बाह्या

शिंपीमास्तरांच्या ब्लॉगवरचा एक लेख सोमवारी गायब झाला, मंगळवारी परत आला आणि बुधवारी आणखी दोघांना घेऊन पुन्हा गेला. ब्लॉग सांभाळणाऱ्या कंपनीने 'किरकोळ तांत्रिक अडचण' असं कळवलं. मास्तरांना ही भाषा ओळखीची होती. कपडा बिघडला की तेही गिऱ्हाइकाला "फक्त काजं राहिलीत" असंच सांगत.

साठीनंतर अक्षरं गिरवून मास्तरांनी एकशे बारा लेख लिहिले होते. ते गेले तर पुन्हा लिहायला तेवढं आयुष्य उरलं नव्हतं. त्यांनी लेकीला फोन लावला.

"फाइल करून ठेवते, बाबा."

"फाइल नको. छापून दे. कागद कुठे जात नाही."

शनिवारी लेकीने गठ्ठा आणून दिला. चांगला जाड कागद, एका बाजूने कोरा. मास्तरांनी तो दुकानातल्या सर्वांत सुरक्षित जागी, कापायच्या टेबलाखालच्या खणात ठेवला आणि त्याच तावात कंपनीकडचं खातं कायमचं बंद केलं. कंपनीने तीनदा विचारलं, 'नक्की?' मास्तरांनी तीनदा 'हो' दाबलं. तिसऱ्यांदा जरा जोरात.

सोमवारी खण रिकामा होता.

"इथले कागद कुठे गेले?"

"ते होय," मास्तरीणबाई मशीन न थांबवता म्हणाल्या. "दवाखान्याच्या अॅप्रनच्या मापाची पेपर कटिंगं केली. किती वर्षं सांगतेय जाड कागद आणा म्हणून. यंदा ऐकलंत."

मास्तरांनी मान वर केली. समोर दोरीवर त्यांचं साहित्य लटकत होतं. बाह्या, पाठी, कॉलर.

"आणि कात्रण?"

"सकाळीच कचरागाडीत गेलं."

"अगं, माझा ब्लॉग होता तो."

मशीन थांबलं. "मग सांगायचं नाही का? त्या खणात कागद ठेवला की मी कापणारच."

मास्तरांनी लेकीला निरोप टाकला. मास्तरीणबाईंनी चष्मा लावला आणि तुकडे जुळवायला घेतले. ब्लॉगची एक ओळही त्यांनी आजवर वाचली नव्हती. दिवसभर कपड्यांत असतो, वर कपड्यांबद्दल काय वाचायचं, असं त्यांचं मत. पण वाचल्याशिवाय तुकडे जुळेनात.

"ही पाठ माझ्याबद्दल आहे?"

"असेल."

"'तिचा पहिला कोट मी शिवला आणि तो'... पुढे बाही जोडायचा मुंढा कापलाय. तो काय?"

"तो तिला चपखल बसला."

"कुठला चपखल. उजवी बाही डावीकडे लावली होती तुम्ही. हात वर केला की जीव गुदमरायचा."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुमचा चेहरा बघून. तुम्हीच शिवण उसवल्यासारखे दिसत होता. घ्या वही, मी सांगते तसं लिहा."

मास्तरांनी वही घेतली. तीन मुंढे आणि एक गळा भरून झाला, तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, निरोप आत्ता पाहिला. घाबरू नका. तुम्ही नको म्हणालात तरी फाइल ठेवली होती मी. सगळे लेख आहेत. पाठवू?"

मास्तरांनी वळून पाहिलं. मास्तरीणबाई तोंडात टाचण्या धरून वाचत होत्या आणि हसू आवरत नव्हतं म्हणून टाचण्या हलत होत्या.

"पाठव, पण घाई नाही," मास्तर हळूच म्हणाले. "आणि आईला सांगू नकोस. ती आत्ता कुठे दुसऱ्या बाहीपर्यंत आलीय."