शून्य गढूळपणा

शहराच्या पाण्याची तपासणी यापुढे मानवी हस्तक्षेपाशिवाय व्हावी, असा आदेश निघाला आणि प्रयोगशाळेत आनंदीआनंद झाला. आजवर गढूळपणा मोजणारं यंत्र आकडा दाखवी आणि रसायनतज्ज्ञ बाई तो डोळ्यांनी वाचून हाताने लिहीत. हे दोन्ही अवयव मानवी असल्याचं वरिष्ठांच्या, उशिरा का होईना, लक्षात आलं होतं.

यंत्र सीरियल केबलने संगणकाला जोडायचं ठरलं. यंत्र जुनं, संगणक नवा. केबलचं तोंड बसेल अशी जागाच त्याला नव्हती. मग मध्ये एक अडॅप्टर बसवला आणि हिरवा दिवा लागला. साहेबांनी फीत कापली. उत्साहाच्या भरात केबल कापली जाऊ नये म्हणून तंत्रज्ञ ती पोटाशी धरून उभा होता.

संगणकावर आकडा उमटला : शून्य.

"साहेब, यंत्रावर तर चाळीस दिसतायत," बाई म्हणाल्या.

"तुम्ही यंत्राकडे पाहिलंत?" साहेब दचकले. "बाई, हा हस्तक्षेप झाला!"

संध्याकाळपर्यंत यंत्राच्या पडद्यावर काळी चिकटपट्टी लागली. नळीतलं पाणी दूध घातलं असतं तर चहा म्हणून खपलं असतं, पण नळीकडे बघण्याची तरतूद आदेशात नव्हती. रोजचं शून्य लोकांच्या मोबाइलवर झळकू लागलं. साहेबांना मानपत्र मिळालं, आणि तशीच केबल आम्हालाही हवी, अशी शेजारच्या शहरांची मागणी आली.

एक दिवस तंत्रज्ञ डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, यंत्र ज्या वेगाने आकडे पाठवतं, त्या वेगाने संगणक ऐकतच नाहीये. काही कळलं नाही की तो शून्य लिहितो. वेग जुळवला की झालं, चुटकीसरशी."

"म्हणजे कालपर्यंत शुद्ध असलेलं पाणी तू हात लावल्यावर गढूळ होणार. घेतोस जबाबदारी?"

तंत्रज्ञाने हात खिशात घातले. "चालतंय ते ठीकच आहे म्हणा," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात बाईंच्या धाकट्या जावेचं बाळ जुलाबांनी मलूल झालं.

"अगं, पाणी उकळून देत जा गं त्याला!"

"जाऊबाई, तुमच्याच ऑफिसचा आकडा बघा की. शून्य! उगाच गॅस कशाला जाळायचा?"

बाईंनी पेला तिच्या डोळ्यांसमोर धरला. "हे तरी बघ!"

"दिसण्यावर काय जायचं? आता सगळं यंत्रावर मोजतात."

बाळाला सलाईन लावताना बाईंना रडू कोसळलं, आणि मग राग आला, तो इतका की दुसऱ्या दिवशी त्यांनी चिकटपट्टी उपटून काढली. यंत्रावरचा आकडा वाचला, पाटीवर लिहिला, खाली 'पाणी उकळून प्या' असं ठळक लिहून पाटी प्रयोगशाळेच्या फाटकावर टांगली.

तिसऱ्या दिवशी पाटी उतरली आणि बाईंची बदली कोठारात झाली, रिकाम्या बाटल्या मोजायला. सगळे साहेबांना नावं ठेवू लागले, वाचकहो, तुम्हीही. पण साहेबांनी खरं तर पाटी वाचलीही नव्हती. तक्रार तुमच्या गल्लीतून आली. पाटी हाताने लिहिलेली आहे, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा, असा तुमचा आक्षेप होता. आणि तक्रारीखाली पहिली सही तुमची आहे.