चालू अपयश ग्राह्य धरले जाणार नाही

ज्या पत्राला लगेच उत्तर देता येते, त्या पत्रात फारसे काही विचारलेले नसते. ओरेस्ट हलुश्का यांनी हे तत्त्व आयुष्यभर पाळले होते. त्यामुळेच नातीने सप्टेंबरात पाठवलेले पत्र नाताळ उलटून गेला तरी त्यांच्या टेबलावर, जाड शब्दकोशाखाली पडून होते. (एवढ्या काळात पत्राची घडी साफ मोडली होती. बाकी प्रगती शून्य.)

ओरेस्ट हे कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या एका लहान गावचे निवृत्त इतिहासशिक्षक. घरात पुस्तके भरपूर, तोंडात शब्द बेताचे. त्यांची नात लारिसा अठरा वर्षांची. ज्या विद्यापीठात ते स्वतः एके काळी शिकले, तिथेच ती पहिल्या सत्राला गेली होती. दिदो (आजोबांना ती युक्रेनियन पद्धतीने दिदो म्हणे) फोनवर 'हं' याच्या पुढे जात नाहीत हे तिला ठाऊक होते, म्हणून तिने मुद्दाम हाताने पत्र लिहिले होते. पत्रात प्रश्न एकच होता. 'वर्गात प्रश्न विचारतात, मला उत्तर येत असतं, पण हात वर जात नाही. तुम्ही पहिल्या सत्रात कसं जमवलंत?'

प्रश्न सोपा होता. उत्तर त्याहून सोपे होते: जमवले नव्हते. पहिल्या सत्रात नाही, पुढच्या कुठल्याही सत्रात नाही. पुढे शिक्षक झाल्यावर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या मुलांना हात वर करायला सांगितले, त्या गडबडीत स्वतःचा राहून गेला. हे नातीला कळवायचे कसे? त्यांनी मसुदे केले. पहिला फार उपदेशाचा झाला. दुसऱ्यात रोमन साम्राज्य आले आणि जाईना. तिसरा चांगला उतरला होता, पण तो खोटा होता. चौथा 'प्रिय लारिसा' इथपर्यंत गेला आणि 'प्रिय' जरा जास्त होते आहे का, या शंकेपाशी थांबला.

विद्यापीठ मात्र असे ढिले नव्हते. पहिल्या सत्रात विद्यार्थी काही ना काही शिकतोच, हे सर्वमान्य आहे. पण तो नेमके काय शिकला हे वेळेत कळले नाही, तर त्याच्या शिकण्याचा कोणालाच, विशेषतः विद्यापीठाला, उपयोग होत नाही. ही गैरसोय दूर करण्यासाठी विद्यापीठाने 'प्रथम सत्र यश कार्यालय' स्थापन केले होते. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने सत्राअखेर आपण शिकलेले किमान पाच धडे या कार्यालयाला सादर करायचे. धडे मंजूर झाल्याशिवाय दुसऱ्या सत्राची नोंदणी उघडत नाही. पाचांपैकी एक तरी धडा अपयशातून आलेला हवा. अपयश स्वतःचे असावे, मध्यम आकाराचे असावे आणि सत्र संपण्यापूर्वी संपलेले असावे. चालू अपयश ग्राह्य धरले जाणार नाही.

मंजूर धड्यांतले निवडक धडे दर वर्षी 'आम्ही शिकलो' या पुस्तिकेत छापले जातात आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी वाटले जातात. आपण डिसेंबरात काय शिकणार आहोत हे त्यामुळे सप्टेंबरातच समजते आणि मधले महिने इतर कामांना मोकळे राहतात. पुस्तिका सुरू झाल्यापासून शंभरातले ऐंशी धडे आदल्या वर्षीच्या धड्यांशी शब्दशः जुळू लागले. पुस्तिकेच्या प्रभावाचा याहून सबळ पुरावा कोणता असणार?

सर्वांत जास्त विद्यार्थी वेळेचे नियोजन शिकतात. (मुदत उलटून गेल्यावर येणाऱ्या धड्यांतही हाच पहिल्या क्रमांकावर आहे.) त्याखालोखाल 'मदत मागायला लाजू नये' हा धडा. तो शंभरातल्या नव्वदांनी शिकल्याची नोंद आहे. त्या सत्रात मदत कक्षात एकूण चारजण आले. एक हीटर दुरुस्त करायला आला होता. उरलेल्या तिघांनी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारले. कार्यालयाने या तिघांची नोंद 'यशस्वी मदत' अशी केली, आणि ते योग्यच होते, कारण तिघेही आपापल्या अडचणीतून खरोखर बाहेर पडले.

या व्यवस्थेत सर्वांत हाल होतात ते हुशार विद्यार्थ्यांचे. लारिसाची वसतिगृहातली खोलीसोबतीण टेगन फेअरब्रदर हिला सगळ्या विषयांत उत्तम गुण होते, मैत्रिणी होत्या, हॉकीच्या संघात जागा होती, आणि झोपही लागत असे. डिसेंबर उजाडला तसे तिचे तोंड उतरले.

"लारू, तुझं ते हात वर न जाण्याचं आहे ना," ती एके दिवशी मोजे घालता घालता म्हणाली, "ते तू वापरणार आहेस का?"

"वापरणार म्हणजे?"

"अपयश म्हणून. तुला लागणार असेल तर राहू दे. पण तुझ्याकडे केमिस्ट्री पण आहे ना. मी कुठून आणू?"

लारिसाला 'नाही' म्हणायचे होते. पण ज्या मुलीचा हात वर जात नाही, तिच्या तोंडून 'नाही' बाहेर येणे हेही त्याच खात्यातले काम असते. ती म्हणाली, "घे."

टेगनने अपयश घेतले, नीट स्वच्छ केले आणि त्याला शेवट जोडला. नोव्हेंबरातल्या एका सकाळी तिचा थरथरता हात वर गेला, प्राध्यापक हसले आणि सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. (त्या वर्गात त्यापूर्वी टाळी वाजल्याची नोंद नाही. प्राध्यापक हसल्याचीही नाही.) धडा त्याच दिवशी मंजूर झाला. शेरा होता 'हृदयस्पर्शी'.

लारिसाचा धडा दोन दिवसांनी पोचला. त्यात लिहिले होते, 'वर्गात माझा हात वर गेला नाही. अजूनही जात नाही.' तो दोन हरकतींसह परत आला. एक, अपयश चालू आहे. दोन, हे अपयश दुसऱ्या विद्यार्थिनीच्या मंजूर अपयशाशी मिळतेजुळते असून त्या मानाने कच्चे आहे. (केमिस्ट्री आकाराने मोठी असल्याने विचारात घेतली नव्हती.) जानेवारीच्या पहिल्या शनिवारी होणाऱ्या 'धडेपूर्ती शिबिरा'ला एका आधारव्यक्तीसह हजर राहावे, अन्यथा दुसऱ्या सत्रातली जागा रद्द समजण्यात येईल.

"मी परत जातच नाही," लारिसा म्हणाली. ती सुट्टीत घरी आली होती. स्वयंपाकघरात तिची आई डोरिन जानेवारीत येणाऱ्या ऑर्थोडॉक्स नाताळसाठी पेरोहे (बटाट्याचे सारण भरून उकडलेल्या करंज्या) वळत होती. "इथे को-ऑपच्या दुकानात कॅशियर हवीये. तिथे हात वर करावा लागत नाही."

"तिथे दिवसभर लोकांशी बोलावं लागतं," डोरिन म्हणाली. "हवामानाबद्दल. तुला झेपणार नाही."

"मग काय करू? अपयश विकत आणू?"

"शनिवारी जा. माझी हॉस्पिटलात ड्यूटी आहे. तातो, तुम्ही जाल का हिच्याबरोबर?"

तातो म्हणजे बाबा, म्हणजे ओरेस्ट. त्यांनी पुस्तकातून वर पाहिले. "आधारव्यक्ती म्हणून? मी?"

"नुसतं बसायचंय हो."

"बसता येईल," ओरेस्ट म्हणाले. खूप विचार केल्यावरही त्यांना यात काही खोट सापडली नाही.

शनिवारी सकाळी त्यांनी इंजिन गरम ठेवणारी वायर प्लगमधून काढली, पेरोह्यांचा डबा मागच्या सीटवर ठेवला आणि दोघे निघाले. दोन्हीकडे बर्फ, मध्ये रस्ता. पहिले पंधरावीस मैल कोणीच बोलले नाही. घरात अशा प्रवासाला गप्पा रंगल्या असे म्हणत.

"दिदो, माझं पत्र मिळालं होतं ना?"

"हं."

"मग उत्तर?"

"मसुदा चालू आहे."

"चालू अपयश," लारिसा म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

ओरेस्टना हे लागले. त्यांनी वायपर सुरू केले. बर्फ पडत नव्हते.

शिबिर एका मोठ्या व्याख्यानगृहात होते. कार्यालयाच्या संचालक डॉ. मार्लीस थीसन या अत्यंत प्रेमळ बाई होत्या. एकाही विद्यार्थ्याने काही न शिकता विद्यापीठातून जावे, हे त्यांना खरोखरच सहन होत नसे. "इथे कोणी चूक नाही," त्या म्हणाल्या. "फक्त तुमचं अपयश अजून पूर्णत्वाला पोचलेलं नाही. आज आपण ते पोचवू." नमुना म्हणून त्यांनी टेगनला तिचा धडा वाचायला बोलावले. टेगनने तो वाचला. टाळ्यांच्या जागी तिचा आवाज भरून आला. आधारव्यक्तींपैकी दोघींनी डोळे टिपले.

"हे तुझं ना?" ओरेस्टनी हळूच विचारले.

"हो."

"आणि शेवट?"

"तिचा."

"वाक्यं बरी आहेत," ओरेस्ट म्हणाले. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. नात मान खाली घालून बसली होती, हात मांडीखाली दाबलेले. ते स्वतःही याच इमारतीत, बहुधा याच रांगेत, असेच बसत असत.

"कुणाला काही प्रश्न?" डॉ. थीसननी विचारले.

मदत मागायला लाजू नये हे शिकलेले सगळे सभागृह गप्प राहिले. डॉ. थीसननी समाधानाने 'शंका नाहीत' असे टिपायला घेतले.

ओरेस्टनी मनात वाक्य जुळवले: हे अपयश माझ्या नातीचे आहे, ते ज्याचे त्याला परत मिळावे. वाक्य चांगले होते. त्यांनी ते दोनदा तपासले, 'ज्याचे त्याला' बदलून 'तिला' केले, आणि वाक्य पूर्ण होताच त्यांचा हात वर गेला.

सगळ्या माना वळल्या.

"बोला ना," डॉ. थीसन म्हणाल्या.

हात वर गेल्यावर पुढे काय करायचे, याचा ओरेस्टनी कधी विचारच केला नव्हता. इतक्या वर्षांत वेळच आली नव्हती. वाक्य जिथून आले होते तिथे परत गेले.

"स्वच्छतागृह कुठे आहे?" ओरेस्ट म्हणाले.

"बाहेर पडून डावीकडे."

विचारल्यावर जाणे भाग होते. ते गेले. गरज नव्हती, म्हणून बराच वेळ हात धुतले. आरशाकडे पाहायचे टाळले. आधारव्यक्तीचे काम नुसते बसण्याचे होते आणि तेही आपल्याला जमले नाही, असा विचार करत ते परत आले. दार उघडले तेव्हा सभागृहात एक हात वर होता. तो लारिसाचा होता, आणि ती हसू दाबत होती.

"मला विचारायचंय," ती म्हणत होती. "ज्याचं अपयश संपलंच नाहीये, त्यानं काय लिहायचं? संपलं म्हणून खोटं लिहायचं का?"

डॉ. थीसननी नियमावली उघडली, मिटली. "तू आत्ता हात वर केलास?"

"हो. पण ते दिदोंमुळे. याच्यापेक्षा वाईट काय होणार, असं वाटलं."

"म्हणजे अपयश संपलं," डॉ. थीसन म्हणाल्या. पहिली हरकत निकाली निघाली. मंजूर नमुन्यात टाळ्या होत्या, म्हणून त्यांनी सभागृहाला टाळ्या वाजवायला सांगितले. टाळ्या वाजल्या. सर्वांत जोरात टेगनने वाजवल्या, आणि त्या मनापासून होत्या.

पण आता दुसरी हरकत अधिकच गंभीर झाली. लारिसाचे अपयश टेगनच्या अपयशाशी आता टाळ्यांसकट जुळत होते. डॉ. थीसन क्षणभर चिंतेत पडल्या, आणि मग त्यांचा चेहरा उजळला. टेगनचा धडा डिसेंबरातला, लारिसाचा जानेवारीतला. तेव्हा लारिसा तो टेगनकडून शिकली हे उघड होते. 'आम्ही शिकलो' सुरू झाल्यापासून एका विद्यार्थ्याच्या धड्यावरून दुसरा विद्यार्थी खरोखर काही शिकल्याची ही पहिलीच नोंद होती. धडा विशेष प्रावीण्यासह मंजूर झाला आणि दुसऱ्या सत्राची नोंदणी तिथल्या तिथे उघडली.

"बघ," बाहेर आल्यावर टेगन पेरोहा खात म्हणाली. "माझ्यामुळे शिकलीस."

"हो ना," लारिसा म्हणाली. "आता माझं मला परत दे."

"काय?"

"पुस्तिकेत तुझ्या नावाने छापू नको. नाही म्हणतेय मी."

टेगनने तिच्याकडे पाहिले. "अगं, हे आधी म्हणायचं होतंस ना," ती म्हणाली आणि नाव काढायला तयार झाली. तिला तोवर दुसरे अपयश मिळाले होते: आपण मैत्रिणीला न विचारता गृहीत धरतो, हे. ते मध्यम आकाराचे होते आणि नुकतेच संपले होते.

त्या सत्राच्या अहवालात 'यशस्वी मदत' तीनवरून चारवर गेली. कार्यालयाने ही वाढ टक्क्यांत छापली. पुढच्या सप्टेंबरात पुस्तिकेत एक नवा धडा आला, 'प्रश्न कोणताही असो, हात वर करा', आणि पहिल्याच आठवड्यात नव्या विद्यार्थ्यांनी वर्गावर्गातून हात वर करून स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारले, असे कळते.

पण तो पुढचा भाग. त्या शनिवारी लारिसा वसतिगृहात राहिली आणि ओरेस्ट एकटे घरी परतले. कोट न काढताच त्यांनी शब्दकोश उचलला आणि पाचवा मसुदा लिहिला.

'प्रिय लारिसा, तू विचारलं होतंस, मी कसं जमवलं. जमवलं नव्हतं. शनिवारी पहिल्यांदा जमलं, ते तू पाहिलंसच. पुढच्या वेळी बरोबर प्रश्नही नेईन म्हणतो. दिदो.'

सोमवारी ते टपालपेटीपाशी गेले. 'प्रिय' जरा जास्त होते आहे का, ही शंका तिथेही आली. त्यांनी पाकीट उघडायचे ठरवले, मग चष्मा घरी राहिला आहे असे लक्षात आले. तेव्हा ते तसेच आत टाकले आणि ते पडल्याचा आवाज ऐकला.

वाचकांनी हसायला हरकत नाही. या गोष्टीच्या मध्ये ज्यांना काही विचारायचे होते आणि ज्यांनी विचारले नाही, त्यांनी विशेष हसावे. आणि हसून झाल्यावर आपला शब्दकोश उचलून खाली कोणाचे पत्र आहे ते पाहावे. ओरेस्ट हलुश्का यांचे गेले.